उणे पंचाहत्तर

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मुलगी अधिकारी म्हणून रुजू झाली, तेव्हा तिचे वडील तिथे एकतीस वर्षं मापकाचं काम करत होते. पहिल्या दिवशी दोघं एकाच दारातून निघाले, एकाच बसनं गेले, आणि कचेरीच्या फाटकाशी पोचल्यावर वडील दोन पावलं मागे थांबले.

"व्हा पुढे, मॅडम," ते म्हणाले.

मुलीला वाटलं, थट्टा चाललीय. वळून पाहिलं तर चेहरा अगदी गंभीर. ती पुढे झाली, आणि घोळाला खरी सुरुवात तिथेच झाली.

त्यानंतरचे पाच महिने वडील कचेरीत तिला मॅडम म्हणत आणि ती त्यांना काहीच म्हणत नसे. बाबा म्हणावं तर चारचौघांत बरं दिसत नाही, आडनावानं हाक मारावी तर ते आडनाव तिचंही. मग ती त्यांच्या टेबलाजवळ जाऊन नुसती खाकरायची. हे वागणं हळूहळू घरातही शिरलं. पूर्वी या घरात दिवसाला दोन तरी वाद ठरलेले असत. घड्याळ पुढे आहे की मागे, खिडकी कुणी उघडी टाकली, न्हाणीघरातला दिवा कुणी जळत ठेवला. बाप आणि लेक दोघंही मोजमापातली माणसं. एकमेकांचं उणं काढल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. आता मात्र "तुमचंच बरोबर असेल" आणि "असेल, असेल, तुला जास्त माहीत." आई रुग्णालयात हेड सिस्टर होती. दिवसभर कण्हणं-कुंथणं ऐकून घरी येणाऱ्या बाईला ही शांतता आवडायला हवी होती. पण तिसऱ्या महिन्यात ती जेवताना म्हणाली, "तुमच्यापैकी कुणाला काही झालंय का? असेल तर आत्ताच सांगा. डॉक्टर ओळखीचे आहेत."

आता त्या नळाबद्दल थोडं सांगायला हवं. नदीपासून टाकीपर्यंत जमिनीखालून पोलादाचा एक जाडजूड नळ जातो. कचेरीत त्याला मोठी लाइन म्हणतात. ओल्या मातीत पोलाद गंजायचंच. ते गंजू नये म्हणून त्यात बारीकसा वीजप्रवाह सोडलेला असतो. तो पुरेसा आहे की नाही हे बघायला वाटेत बारा ठेंगणे खांब उभे केलेले आहेत. मापकानं खांबापाशी जायचं, मीटरची एक तार नळाला जोडायची, दुसरी ओल्या मातीत उभ्या केलेल्या इलेक्ट्रोडला, आणि दिसेल तो आकडा वहीत लिहायचा. आकडा साडेआठशेच्या वर असला तर नळ सुखरूप, खाली असला तर गंज लागतोय असं समजायचं. खरं म्हणजे हे सगळे आकडे उणे असतात, उणे साडेआठशे मिलिव्होल्ट वगैरे. पण उणेचं चिन्ह रकान्याच्या मथळ्यातच छापलेलं असल्यामुळे बोलताना ते कुणी तोंडात घेत नाही.

मेख वेगळीच आहे. एकट्या धातूचं विभव, म्हणजे मीटरवर दिसणारी विजेची पातळी, कधी मोजता येत नाही. ते नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी मानानं असतं, जसं माणसाचं शहाणपण शेजाऱ्याच्या मानानं असतं. म्हणून तर तो इलेक्ट्रोड लागतो. जमिनीवरच्या कामाला मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तांब्याची कांडी बुडवलेली नळी वापरतात. कचेरीत तिचं नाव निळी. प्रयोगशाळेच्या टेबलावर पारा घातलेली काचेची एक असते, कॅलोमेलची. तिला सगळे काचवाली म्हणत. दोघी कामाला चोख, पण दोघींचं शून्य वेगळं. काचवालीनं मोजलेल्या आकड्यात पंचाहत्तर मिळवले की निळीचा आकडा होतो. नळ तोच, माती तीच, फक्त कुठून मोजलं ते बदललं. शाळेतलं पोरही करील अशी बेरीज. घोळ नेहमी असल्याच बेरजांत होतात. अवघड गणित माणूस निदान दुसऱ्याला दाखवून तरी घेतो.

बारा खांबांची ही फेरी महिन्यातून एकदा, दोन दिवस, पायी. एकतीस वर्षं ती वडिलांची होती. आदल्या संध्याकाळी ते बूट पुसून दाराशी ठेवत, पिशवी भरत, आणि लवकर झोपत. मुलीनं हे लहानपणापासून पाहिलेलं. म्हणूनच दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी दोघांना बोलावून जे सांगितलं, ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

या साहेबांना माघारी सगळे शेरासाहेब म्हणत, कारण वहीच्या शेवटच्या रकान्यात शेरे मारायची त्यांना भारी हौस. त्या दिवशी ते चष्मा पुसत वडिलांना म्हणाले, "तुमचं वय झालं आता. माझं म्हणणं एवढंच, की नोंदवहीत एक जरी चूक दिसली, तर फेरी दुसऱ्याला आणि तुम्ही भांडारात. बसून नट-बोल्ट मोजा."

वडिलांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "भांडारात पंखा आहे ना, साहेब?"

मुलीला तो टोमणाच वाटला. एकतीस वर्षं उन्हातान्हात चाललेल्या माणसाला पंख्याची चौकशी करायची वेळ यावी! त्याच क्षणी तिनं मनाशी ठरवलं, काहीही होवो, बाबांची फेरी जाऊ द्यायची नाही.

आणि आता या महिन्याच्या फेरीला निघताना निळी फुटली. तिच्या बुडाचं बूच तडकलं, निळं पाणी पिशवीत सांडलं, पिशवीतून विजारीवर आलं, आणि वडिलांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत मोरासारखा झाला. नवी निळी मागवायची तर तीन सह्या आणि दोन आठवडे. वडिलांनी काचवाली टॉवेलात गुंडाळली आणि फेरीला निघाले. प्रत्येक खांबापाशी तिच्या आकड्यात मनातल्या मनात पंचाहत्तर मिळवले आणि वहीत उतरवले, कारण वहीचा मथळा म्हणतो तांबं-मोरचूद, तेव्हा आकडाही तांबं-मोरचुदाचाच हवा. सातव्या खांबाला काचवालीनं सातशे नव्वद दाखवले; त्यांनी आठशे पासष्ट लिहिले. तो सगळ्यांत कमी. शेऱ्याच्या रकान्यात 'काचवालीनं मोजून बदललं' अशी एक ओळ लिहायला हवी होती. पण तो रकाना साहेबांचा, असं त्यांचं एकतीस वर्षांचं ठाम मत होतं.

फेरी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीला काचवालीच्या टोकाला सुकलेला चिखल दिसला. प्रयोगशाळेच्या टेबलावर चिखल कुठून येणार? तिनं खिडकीतून पाहिलं. बाहेर दोरीवर निळ्या डागांची पिशवी वाळत होती. म्हणजे निळी फुटली, आणि बाबांनी काचवालीनं मोजलं. तिनं वही उघडली. वर मथळा तांबं-मोरचूद, शेरा कोरा. मिळवायचे विसरले!

विचारावं म्हणून ती त्यांच्या टेबलापाशी गेली आणि खाकरली. वडील ताडकन उभे राहिले.

"काय, मॅडम?"

उभ्या राहिलेल्या बापाला 'तुम्ही बेरीज विसरलात का' असं कसं विचारणार? आणि शेजारच्या टेबलावर कुणी ऐकलं, गोष्ट साहेबांच्या कानावर गेली, तर भांडार.

"काही नाही," ती म्हणाली. "पाणी प्यायलात का?"

"प्यायलो, मॅडम."

ती खोलीत परत आली आणि अहवालाच्या कच्च्या प्रतीत बाराही आकड्यांत तिनं गुपचूप पंचाहत्तर मिळवले. सातवा खांब, नऊशे चाळीस. आपण वडिलांसाठी काहीतरी केलं, या समाधानात तिनं दुपारचा चहाही जरा जास्त घेतला.

कच्ची प्रत नेहमीप्रमाणे ताडून पाहायला वडिलांकडेच आली. नऊशे चाळीस वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चाळीस हलेना. मग त्यांच्या लक्षात आलं: पोरीनं काचवाली पाहिली, आणि दुसऱ्यांदा मिळवले. आतापर्यंत अहवालावर साहेबच सही करत; तिच्या सहीनं जाणारा हा पहिला अहवाल. त्यात दुहेरी बेरीज! ते उठून तिच्या खोलीच्या दाराशी गेले. ती फोनवर बोलत होती. त्यांना बघताच फोन बाजूला ठेवून तिनं स्वतःची खुर्ची पुढे केली.

"बसा ना."

अधिकाऱ्यानं उठून खुर्ची द्यावी आणि आपण त्या खुर्चीत बसून त्याची चूक दाखवावी, हे वडिलांच्या रक्तात नव्हतं.

"नको, मॅडम. खिडकी उघडी राहिली की काय, तेवढं बघायला आलो होतो."

खिडकी बंदच होती. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं आणि विषय मिटला.

तिथून वडील थेट टंकलेखकाकडे गेले. या गृहस्थांचं टोपणनाव तिजोरी. पोटात गेलेली गोष्ट पुन्हा ओठावर यायची नाही, अशी त्यांची ख्याती होती. कचेरीतली निम्मी गुपितं त्यांच्याकडे ठेवीसारखी पडून होती.

"त्या अहवालात सगळ्या रकान्यातून पंचाहत्तर कमी कर," वडील कुजबुजले. "आणि मॅडमना कळता कामा नये."

"माझ्याकडून कधी काही गेलंय का?" तिजोरी म्हणाले.

तासाभरानं मुलीनं सहज मागच्या महिन्याचा अहवाल काढला. सातवा खांब, आठशे अडुसष्ट. या महिन्यात नऊशे चाळीस? एका महिन्यात माणूस सुधारत नाही, तर नळ कुठला सुधारणार! तिनं बोट ठेवून दोन्ही आकडे पुन्हा वाचले. बाबा विसरले नव्हते. मिळवूनच लिहिलं होतं. आपणच परत मिळवले. आधी तिला आनंद झाला, मग लाज वाटली, आणि मग तिनं फोन उचलला.

"काका, त्या अहवालात सगळ्या रकान्यातून पंचाहत्तर कमी करा. आणि हे... त्यांना सांगू नका."

"कुणाला?"

"त्यांना हो."

"आलं लक्षात," तिजोरी म्हणाले.

आता तिजोरींच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अहो, हे तर आत्ताच झालं. तिजोरींच्या मनातही ते आलं. पण तसं म्हणावं तर पहिलं गुपित फुटतं. दोघंही मोजमापातली जाणती माणसं, एकाला एक पंचाहत्तर खुपले असतील, दुसरीला दुसरे, असा विचार करून त्यांनी दोनदा कमी केले. सातव्या खांबापुढे सातशे नव्वद आले. ती प्रत चौदा कागदांच्या गठ्ठ्यात मुलीच्या टेबलावर गेली. तिला बैठकीला उशीर होत होता. तिनं चौदा सह्या ठोकल्या आणि गठ्ठा साहेबांकडे गेला.

चार वाजता दोघांना बोलावणं आलं. साहेबांनी अहवालावर लाल शाईनं शेरा मारला होता आणि शाई अजून वाळली नव्हती.

"बाराच्या बारा खांब नापास," साहेब म्हणाले. "सातवा तर सातशे नव्वद! अख्खा गाव ज्या नळाचं पाणी पितो तो सडायला लागलाय आणि तुम्ही दोघं माझ्यासमोर शांत उभे आहात. उद्या सातव्या खांबापाशी रस्ता खणायचा. दोन दिवस पाणी बंद. वही तिथेच घेऊन या. आणि नळ ठणठणीत निघाला, म्हणजे चूक मोजण्यात निघाली, तर काय करायचं ते मी मागेच सांगितलंय."

सातशे नव्वद ऐकून बाप आणि लेकीनं एकमेकांकडे चोरून पाहिलं. वडिलांना वाटलं, पोरीनं पुन्हा काहीतरी केलं. बोललो तर तिचं नाव येईल. मुलीला वाटलं, बाबांनी काहीतरी केलं. बोलले तर भांडार. दोघंही मान खाली घालून म्हणाले, "बरं, साहेब." प्रेमापोटी माणूस किती मूर्खपणा करू शकतो याचं माप अजून कुठल्या मीटरवर निघालेलं नाही.

घरी आई बादल्या भरत होती. बादल्या, पातेली, कळशी, शेवटी फुलदाणीसुद्धा.

"तुमचीच कचेरी उद्यापासून पाणी बंद करणार, आणि तुम्हीच तोंड पाडून बसलाय?" ती म्हणाली. "काय झालंय?"

"काही नाही," दोघंही एकदम म्हणाले.

आईनं नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि वॉर्डातला आवाज काढला. या आवाजापुढे मोठमोठे डॉक्टर सरळ होत. "बसा दोघं. काय मोजलं, कशानं मोजलं, कुणी लिहिलं? एकेकानं सांगा. अहो, तुम्ही आधी."

वडिलांनी निळी फुटल्याचं सांगितलं, काचवालीचं सांगितलं, पंचाहत्तरचं सांगितलं.

"थांबा," आई म्हणाली. "म्हणजे बगलेतला ताप आणि तोंडातला ताप. बगलेत थर्मामीटर लावला तर आम्ही एक अंश मिळवून धरतो. तसंच ना?"

"अगदी तसंच," वडील म्हणाले.

"मग मिळवले?"

"मिळवले ना. तिथल्या तिथे."

मुलगी खाली बघत म्हणाली, "मीपण मिळवले."

"तू कशाला?"

"मला वाटलं, बाबा विसरले."

वडील म्हणाले, "ते मला कळलं होतं. म्हणून मी ते कमी करायला सांगितले. गुपचूप."

मुलीनं मान वर केली. "कुणाला?"

"तिजोरीला."

"मीपण त्यांनाच सांगितलं."

भरलेल्या बादलीत नळाचा शेवटचा थेंब टपकला.

"आमच्याकडे," आई सावकाश म्हणाली, "आकड्यापुढे बगल की तोंड ते लिहिल्याशिवाय मी एकाही नर्सला घरी जाऊ देत नाही. चाळीस नर्सेस आहेत, रोज बदलतात, आणि एकमेकींची नावंसुद्धा धड माहीत नसतात. तुम्ही दोघं एका टेबलावर जेवता."

"उद्या सकाळी मी साहेबांना सांगतो," वडील म्हणाले. "शेरा मी लिहिला नाही. चूक माझी."

"अजिबात नाही. न विचारता आकडे मी बदलले. न वाचता सही मी केली. चूक माझी आहे."

"तुला काय कळतंय? नोकरीत नवीन आहेस तू."

"आणि तुम्हाला भांडारात टाकतील त्याचं काय?"

"भांडा," आई म्हणाली आणि उरलेलं पातेलं भरायला वळली. "किती दिवसांनी भांडताय."

ठरलं असं, की साहेब यायच्या आधी आठ वाजता खांबापाशी पोचायचं आणि खणण्याआधीच सगळं सांगून टाकायचं. एकतीस वर्षांत कचेरीचं कुठलंही काम वेळेवर सुरू झालेलं वडिलांनी पाहिलं नव्हतं. नेमकं त्या दिवशी ते वेळेच्या दीड तास आधी सुरू झालं. दोघं पोचले तेव्हा रस्त्याला पुरुषभर खड्डा पडला होता, खणणारं यंत्र बाजूला धापा टाकत उभं होतं, आणि साहेब मातीच्या ढिगावर उभे राहून खाली बघत होते.

खाली नळ होता. काळं वेष्टन जसंच्या तसं, पाणी मारल्यावर नव्या छत्रीसारखं चमकणारं. गंजाचा टिपका नाही.

"सर, मला काही सांगायचंय," मुलगी म्हणाली.

"साहेब, तिचं ऐकू नका," वडील म्हणाले.

"आधी मोजा," साहेब म्हणाले. शेजारच्या विभागातून त्यांनी एक निळी मागवून ठेवली होती. वडील शिडीवरून एकेक पायरी घेत खाली उतरले, ओल्या मातीत निळी उभी केली, तार जोडली. वर मीटर साहेबांच्या हातात होता. आठशे सहासष्ट.

साहेबांनी अहवाल पाहिला. सातशे नव्वद. मग वही मागून घेतली. आठशे पासष्ट. त्यांनी पुन्हा मीटरकडे पाहिलं, आणि खड्ड्यातल्या माणसाकडे.

"बोला आता. दोघंही."

दोघंही बोलले. एकाच वेळी, एकमेकांचं वाक्य तोडत, प्रत्येकजण चूक आपल्याकडे ओढत. यंत्राचा चालक यंत्र बंद करून ऐकू लागला. सगळं झाल्यावर साहेबांनी एकच विचारलं.

"तुमची खोली आणि यांचं टेबल, मध्ये किती अंतर आहे?"

"बारा पावलं," वडील खालून म्हणाले. मोजलेलं होतं.

"मग विचारलं का नाही?"

"साहेब, ती माझी अधिकारी आहे," वडील म्हणाले.

"सर, ते माझे वडील आहेत," मुलगी म्हणाली.

साहेब चष्मा पुसू लागले. त्यांचाही एक मुलगा होता, दूर कुठेतरी; आठवड्यातून एकदा फोन करायचा आणि सगळं ठीक आहे म्हणायचा. तेही म्हणायचे, इकडेही ठीक आहे. दोघांच्या 'ठीक'मध्ये नेमका किती फरक आहे, हे साहेबांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी वही ढिगावर टेकवली, लाल पेन काढलं आणि शेरा लिहिला: 'नळ उघडून पाहिला. नळ उत्तम. माणसांनी एकमेकांना विचारत जावे.' ओळ जरा जास्तच मोठी झाली म्हणून रकान्याबाहेर गेली.

"मॅडम, यापुढे न वाचता सही केलीत, तर तुम्हाला तिजोरीच्या शेजारी बसवीन," ते म्हणाले. "आणि तुम्ही, या वर. काचेची नाजूक नळी चिखलात उभी करून, बेरीज तोंडी करून माणूस एका मिलिव्होल्टावर येतो. असल्या माणसाला मी भांडारात घालणार होतो. चूक झाली माझी. निवृत्त होईपर्यंत फेरी तुमचीच. दर महिन्याला, बाराच्या बारा खांब. मी लेखी देतो."

यंत्राच्या चालकानं टाळ्या वाजवल्या. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आभारी आहे, साहेब."

साहेब गेले. खड्डा बुजवायला घेतला. दोघं लाइनच्या कडेकडेनं कचेरीकडे निघाली. आठव्या खांबापाशी वडील थांबले, पिशवी खांद्यावरच ठेवून खांबावर टेकले आणि डावा पाय हातानं उचलून सरळ केला.

"काय झालं, बाबा?" कामाच्या वेळेत, भर रस्त्यात, पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून बाबा निघालं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

"गुडघा. दोन वर्षं झाली. सातव्यापर्यंत कसाबसा येतो. पुढचे पाच देवाच्या भरवशावर."

"दोन वर्षं! मग साहेब भांडार म्हणाले तेव्हा हो का नाही म्हणालात?"

"म्हणणारच होतो. चांगली खुर्ची आहे तिथे, हात टेकायला जागा असलेली. पण तू माझ्याकडे अशी काही बघत होतीस. म्हटलं, पोरीला बापाच्या चालण्याचा केवढा अभिमान आहे. चालू या आणखी तीन वर्षं."

"अभिमान कसला! मला वाटलं, तुम्ही आता रडता की काय!"

"मी? मी आनंद लपवत होतो."

मुलगी मटकन रस्त्याच्या कडेला, त्यांच्या पायाशी बसली. दोन महिने ती जी गोष्ट जिवापाड सांभाळत होती, जिच्यासाठी तिनं आकडे बदलले, गावाचं पाणी बंद पाडलं, रस्ता खणायला लावला, ती आज लेखी मिळाली होती. आणि ती नको होती. तिला हसावं की रडावं कळेना, आणि बराच वेळ ती दोन्ही करत राहिली.

"आता काय हो?" शेवटी तिनं विचारलं. "साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिलीय. आता भांडारात कोण घेणार तुम्हाला?"

"नियम अजून तोच आहे," वडील गुडघा चोळत म्हणाले. "वहीत एक चूक दिसायला हवी."

"ती तुमच्या हातून व्हायची नाही. एकतीस वर्षांत एक तरी केलीत का?"

"नाही ना. मला ते जमतच नाही." वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. "पण तू आहेस ना."

मुलगी उठली. त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून तिनं आपल्या खांद्याला लावली, आणि दोघं सावकाश, प्रत्येक खांबापाशी थांबत, आतापर्यंत कुणी जास्त चुका केल्या यावर कचेरीच्या फाटकापर्यंत मोठमोठ्यानं भांडत गेली.